बक्षीस एका दिवसाचे, जीव बारा वर्षांचा

यंदाच्या माळेगावच्या जत्रेहून परतून आठवडा झाला असेल. दिवेलागणीला फोन वाजला. लोह्याकडचे एक जुने स्नेही बोलत होते.

"गुरुजी, आमची कुत्री व्याली. सात पिल्लं झालीत. त्यात एक नर असा आहे, की नजर ठरत नाही. तुमच्यासाठी ठेवू का?"

अजून डोळेही न उघडलेल्या पिल्लावर नजर न ठरणे हे कुत्र्याचे वेड असलेल्या माणसालाच जमते. मी स्वतः त्याच पंथातला, त्यामुळे मला ते खरेच वाटले. "ठेवा" हा शब्द अगदी ओठांवर आला होता. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारात सौ. उभी दिसली. हातातले पीठ तसेच. मी म्हणालो, "दोन दिवसांत कळवतो," आणि फोन ठेवला.

ती रागावली नाही. शांतपणे एवढेच विचारले, "राजाची जागा रिकामी आहे म्हणून आणायचंय, का चांदणीला यंदा बक्षीस नाही मिळालं म्हणून?"

या प्रश्नाचे उत्तर मला त्या रात्री देता आले नाही. ते शोधताना जे सुचले ते आज लिहितो आहे. प्रदर्शनात उतरवायचे कुत्रे पाळणारी घरे आपल्याकडे फार नसतील. पण घरात आणखी एक जीव आणावा की नाही, हा प्रश्न बैल, घोडा, गाय, कुत्रा यांपैकी काहीही पाळणाऱ्या प्रत्येक घराला कधी ना कधी पडतोच.

कारवानी आणि खंडोबा

आमच्याकडे असतात ती कारवानी कुत्री. लांब निमुळते तोंड, खोल छाती, पाठीला चिकटलेले पोट, उंच काटक पाय. प्रथम पाहणाऱ्याला वाटते, याला घरचे जेवायला घालत नाहीत की काय! आमच्या चांदणीला पाहून एका पाहुण्याने मला भूतदयेवर पाच मिनिटे ऐकवले होते. त्यांना सांगावे लागले, की ही जातच पळण्यासाठी घडलेली आहे. दख्खनच्या माळरानावरून तांडे घेऊन फिरणाऱ्या लोकांबरोबर ती वाढली, म्हणून कारवानी. अंगावर, कानांवर, शेपटीवर लांब रेशमी केस असले की तिला पश्मी म्हणायचे.

याच घराण्याची कुत्री कर्नाटकात मुधोळ या नावाने प्रसिद्ध झाली. मुधोळ संस्थानचे मालोजीराव घोरपडे यांनी या कुत्र्यांची जोडी इंग्लंडचा राजा पंचम जॉर्ज याला भेट दिली आणि संस्थानचे नाव जातीला चिकटले. २००५ च्या जानेवारीत टपाल खात्याने देशी कुत्र्यांची चार तिकिटे काढली, त्यात मुधोळ होते. पुढे २०१६ मध्ये मुधोळची पिल्ले लष्कराच्या मेरठ येथील केंद्रात प्रशिक्षणासाठी गेली. २०२० मध्ये पंतप्रधानांनी रेडिओवरील भाषणात देशी जातींची नावे घेतली, तेव्हा आमच्या गल्लीतली मुलेसुद्धा आमच्या फाटकाशी येऊन थांबू लागली.

मराठवाड्यात मात्र या कुत्र्याचा खरा मान माळेगावात. मार्गशीर्षाच्या अखेरीस, येळवशीच्या तोंडावर खंडोबाची जत्रा भरते. गंगाखेड, पालम करीत परभणीकडची माणसे तिकडे वळतात. घोडे, उंट, गाढवे, देवणी आणि लाल कंधारी जनावरे यांच्या गर्दीतच कुत्र्यांचेही प्रदर्शन भरते. खंडोबाच्या घोड्याबरोबर कुत्रा असतोच, वाघ्याची परंपराही त्याच देवाची. तेव्हा देवाच्या दारी कुत्र्याचे कौतुक व्हावे यात नवल नाही.

एकेकाळी या कुत्र्याची परीक्षा शिवारात होई. ससा उठला, की कुत्रा सुटायचा. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, आणि आज सशाची शिकार हा गुन्हा आहे. ते योग्यच झाले. पण कुत्र्याचे पिढ्यान्‌पिढ्यांचे काम गेले आणि त्याची परीक्षा रिंगणात आली. आता तो किती पळतो यापेक्षा कसा उभा राहतो, चाल कशी आहे, दातावर दात बसतात का, हे पाहिले जाते. यात वाईट काही नाही. मात्र एक फरक झाला. शिकारीचा कुत्रा रोज उपयोगी पडायचा. प्रदर्शनाचा कुत्रा वर्षातून दोन-चार दिवस मिरवतो आणि उरलेले तीनशे साठ दिवस घरच्यांच्या हातावर जगतो. दुसरा कुत्रा आणताना नेमके हे तीनशे साठ दिवस आपण विसरतो.

मी विसरलो, तेव्हा

मी विसरलो होतो. ती गोष्ट सांगायला आजही जड जाते. पण ती न सांगता इतरांना उपदेश करणे बरे नव्हे.

राजा आमच्याकडे २०१३ मध्ये आला. २०१४ च्या डिसेंबरात माळेगावला त्याचा दुसरा नंबर आला. मला फेटा बांधला, कुणीतरी फोटो काढला. परतीच्या वाटेवर, जीपमध्ये बसल्या बसल्या, मी पुढच्या पाच वर्षांचे बेत केले. एक चांगली मादी आणायची, पिल्ले काढायची, पुण्या-कोल्हापूरच्या मोठ्या प्रदर्शनांत उतरायचे. घरी पोहोचेपर्यंत माझ्या मनात कुत्र्यांचा तांडाच तयार झाला होता.

दोन महिन्यांत मोहिनी आणली. देखणी होती. सौ.ला विचारले नव्हते, "सांगितले" होते. मुलगा तेव्हा शिकायला बाहेरगावी. मी शाळेत. म्हणजे दिवसभर दोन्ही कुत्री तिच्या गळ्यात. राजा स्वतःच पावणेदोन वर्षांचा, अजून पोरकट. त्याला धड वळण लागायच्या आत त्याच्यासमोर दुसरे पोर आणून ठेवले. एकाच्या ताटात दुसऱ्याचे तोंड, आणि मग रोजची मारामारी. मोहिनी पहिल्यांदा माजावर आली, तेव्हा तर तीन आठवडे घरात झोप नव्हती. आतल्या खोलीत ती, अंगणात राजा, फाटकाबाहेर गल्लीतले सगळे कुत्रे.

मग २०१६ चा उन्हाळा आला. त्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे सगळ्यांच्या लक्षात असेल. आमच्याकडेही नळाचा भरवसा नव्हता. टँकर यायचा तेव्हा सौ. हंडे, बादल्या, घागरी भरून ठेवायची. पारा त्रेचाळीसवर. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. ते धापा टाकून अंग थंड ठेवते, आणि त्यासाठी त्याला पाणी लागते, सावलीतली ओली जागा लागते. एका दुपारी सौ.ने अर्धी बादली कुत्र्यांसमोर ठेवली आणि म्हणाली, "आता तुम्हीच सांगा, आंघोळ कुणी करायची नाही ते."

मी मोहिनीला एका ओळखीच्या माणसाच्या आखाड्यावर दिले. विहिरीला पाणी आहे, मोकळे रान आहे, गडी आहे, असे स्वतःला समजावले. दिवाळीच्या सुमारास भेटायला गेलो, तर ती एका बाभळीला तीन हात साखळीने बांधलेली. मानेभोवतीचे केस गेलेले, कानांत गोचिडांचे घोस. मला पाहून उठली, शेपूट हलवली आणि पुन्हा बसली. मी तिला घरी आणले, परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात नेले. पण गोचीडतापाने रक्त फार उतरले होते. आठव्या दिवशी ती गेली.

त्या माणसाला मी दोष देत नाही. त्याने कुत्रे मागितले नव्हते. माझे ओझे मी त्याच्या दारात ठेवले होते. फेटा माझ्या डोक्यावर बांधला गेला होता आणि साखळी तिच्या गळ्यात पडली.

हिशेब कशाचा करायचा?

तेव्हापासून कुणी "दुसरा आणू का?" म्हणून विचारले, की मी आधी पैशाचे बोलत नाही. पैसा लागतोच. भाकरी, दूध, अंडी, मटण, लस, जंताचे औषध, प्रवास, सगळे दुप्पट. पण पैशाचा हिशेब माणूस करतोच. राहून जातो तो बाकीचा.

पहिला हिशेब हातांचा. कुत्रा घरात एकाच्या हौसेने येतो आणि दुसऱ्याच्या हाताने जगतो. सकाळी त्याला फिरवणार कोण, ताट ठेवणार कोण, रात्री तो ओकला तर उठणार कोण, ही नावे कागदावर लिहावीत. सगळ्यांपुढे एकच नाव येत असेल आणि ते आपले नसेल, तर निर्णय घेण्याचा अधिकारही आपला नाही. कारवानीला रोज तीन-चार किलोमीटर मोकळे पळणे हवे. दोन कुत्री एकत्र नेता येतील असे वाटते. पण प्रदर्शनासाठी चाल शिकवायची तर प्रत्येकाला वेगळा वेळ द्यावा लागतो. दुसरा कुत्रा आला म्हणजे दिवसाचे तास वाढत नाहीत.

दुसरा हिशेब पहिल्या कुत्र्याचा. तो हाकेसरशी येतो का? पट्ट्यात नीट चालतो का? परक्या कुत्र्यापुढे शांत राहतो का? नसेल, तर दुसरा त्याच्याकडून तेच शिकेल. जाणती माणसे दोघांत तीन-चार वर्षांचे अंतर ठेवा म्हणतात, त्याला अर्थ आहे. थोरला स्थिरावलेला असला, की धाकट्याला अर्धे वळण तोच लावतो. शिवाय दोन्ही एकदम म्हातारे होत नाहीत. दोन नर किंवा दोन माद्या एका दावणीला असल्या, की वैर जुंपण्याचा संभव अधिक. नर-मादी ठेवावी, तर वर्षातून साधारण दोनदा तीन-तीन आठवडे त्यांना वेगळे ठेवण्याची जागा हवी. अशी जागा म्हणजे पक्क्या दाराची खोली. "बघू तेव्हा" म्हणजे जागा नव्हे.

तिसरा हिशेब पिल्लांचा. चांगली जोडी जमली की पिल्ले काढायचा मोह होतोच. त्रेसष्ट दिवसांनी सहा-आठ जीव घरात येतात. २०१७ मध्ये केंद्र सरकारने कुत्र्यांच्या पैदाशीचे नियम केले. पैदास करून पिल्ले विकणाऱ्याला नोंदणी करावी लागते. दीड वर्षाच्या आतली मादी पैदाशीला वापरता येत नाही, आणि आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकता येत नाही. आपल्याकडे जत्रेत बोटाएवढी पिल्ले टोपलीत घालून विकायला बसलेली माणसे दिसतात, तेव्हा हे नियम किती जणांना ठाऊक आहेत असा प्रश्न पडतो. इतक्या लवकर आईपासून तोडलेले पिल्लू आजाराला लगेच बळी पडते. पार्व्होसारख्या रोगाचे विषाणू मातीत महिनोन्‌महिने राहतात. म्हणून नवे पिल्लू आणायचे तर आधी थोरल्याच्या लसी पूर्ण हव्यात, पिल्लाच्या लसीची वही पाहायला हवी आणि पहिले काही दिवस दोघांची भांडी, जागा वेगळ्या हव्यात.

आणि चौथा हिशेब, सर्वांत अवघड. हा नवा कुत्रा कधीच जिंकला नाही तर? डोळे मिटलेल्या पिल्लात आपण जे पाहतो, ते पुष्कळदा आपल्याच डोळ्यांतले असते. दात वेडेवाकडे येतात, उंची राहते, माणसांच्या गर्दीत अंग चोरण्याचा स्वभाव निघतो. रिंगणात एका वर्गात दहा उतरले तर नऊ रिकाम्या हाताने परततात. त्या नऊ जणांतला एक आपला असेल आणि तरी तो बारा वर्षे आपल्या ओसरीवर झोपणार असेल, हे ज्याला आनंदाने मान्य आहे, त्याने खुशाल दुसरा आणावा.

दुसऱ्यांदा

मोहिनीनंतर तीन वर्षे मी कुणाचे पिल्लू पाहायलाही गेलो नाही. २०१९ मध्ये मुलाचे लग्न झाले, सूनबाई घरात आली. तिच्या माहेरी शेतावर कुत्री होती. राजाची आणि तिची आठ दिवसांत गट्टी जमली. एके दिवशी तीच म्हणाली, "मामा, राजा आता सहा वर्षांचा झाला. एक पिल्लू आणा की. सकाळचं फिरवणं माझ्याकडे." सौ. म्हणाली, "भाकऱ्या मी थापीन, पण संध्याकाळचं ताट तुम्ही ठेवायचं. आणि पाण्याची टाकी आधी." टाकी बांधली. मागच्या खोलीला दार बसवले. दिवाळीनंतर चांदणी आली.

आणि चार महिन्यांत कोरोना आला. जत्रा नाही, प्रदर्शन नाही, प्रवास नाही. चांदणीच्या ऐन उमेदीची वर्षे अंगणात गेली. पूर्वीचा मी असतो तर हळहळलो असतो. पण त्या बंद दिवसांत घरात हसू होते ते त्या दोघांमुळेच. राजा तिला शिकवायचा. ती त्याच्या कानाला लोंबकळायची. बक्षिसाची वाटच बंद झाल्यावर कुत्रे कशासाठी पाळले हे स्वच्छ दिसले. पुढे चांदणीने दोन बक्षिसे आणली. ती कपाटावर आहेत, धूळ पुसायची राहते. राजा २०२४ मध्ये, अकरा वर्षांचा होऊन, सूनबाईच्या मांडीवर डोके ठेवून गेला.

जात टिकायची कशी?

यावर एक आक्षेप येतो आणि तो खोडून काढण्यासारखा नाही. माझे लोह्याचे स्नेहीच तो घेतात. "गुरुजी, सगळ्यांनी असा हिशेब केला तर पिल्लं घेणार कोण? शहरातल्या लोकांना परदेशी कुत्रे हवे. गावात गल्लीच्या कुत्र्यांशी संकर होऊन कारवानीचं रक्त पातळ होतंय. आपल्यासारख्यांनी दोन-दोन, तीन-तीन ठेवले नाहीत तर वीस वर्षांनी ही जात फोटोत राहील."

हे खरे आहे. जात टिकवायला माणसे लागतात आणि माणसांची घरे लागतात. पण बाभळीला बांधलेली मोहिनी ही जातिवंतच होती. तिच्यामुळे कारवानीचे काय भले झाले? उलट तिला त्या अवस्थेत पाहणाऱ्या चार गावकऱ्यांनी ठरवले असेल, की हे कुत्रे नाजूक, रोगट, आपल्या कामाचे नाही. जात वाढते ती सुखाने नांदणाऱ्या कुत्र्यामुळे, ते पाहून शेजाऱ्याला हौस होते म्हणून. एका घरात पाच कुत्री कोंबण्यापेक्षा पाच घरांत एकेक नांदणे हे जातीच्या अधिक हिताचे.

आपल्या शेतकऱ्यांत जनावर वाट्याने पाळण्याची जुनी रीत आहे. एकाचे जनावर, दुसऱ्याची राखण आणि वेतात दोघांचा वाटा. कुत्र्यांच्या बाबतीत हे का करू नये? ज्याच्याकडे जागा आणि हात आहेत, पण अनुभव नाही, त्याच्या घरी पिल्लू वाढावे. अनुभवी माणसाने आठवड्यातून दोनदा जाऊन त्याला चाल शिकवावी, लसीच्या तारखा पाहाव्यात, जत्रेला बरोबर न्यावे. फेटा मात्र त्या घरच्या माणसाला बांधला जावा. आपली हौसही भागते आणि एक नवे घर तयार होते.

साताऱ्याजवळ संगम माहुलीला छत्रपती शाहू महाराजांच्या लाडक्या कुत्र्याची समाधी आहे. खंड्या त्याचे नाव. वाघापासून त्याने महाराजांचा जीव वाचवला आणि महाराजांनी त्याला पालखीचा मान दिला, असे सांगतात. ती समाधी पाहिली तेव्हा मनात आले, की खंड्याचे दात कसे होते, पाठ किती सरळ होती, हे आज कुणालाच माहीत नाही. कुणी विचारतही नाही.

फोन

दोन दिवसांनी मी लोह्याला फोन लावला. त्याआधी सौ.ला तिच्या प्रश्नाचे खरे उत्तर दिले होते. यंदा परीक्षकांनी चांदणीच्या तोंडावरचे पांढरे केस पाहिले, पाठीवरून हात फिरवला आणि पुढच्या कुत्र्याकडे वळले. ते मला लागले होते. राजाच्या जागेचे निमित्त होते. मूळ दुखणे ते होते. ती म्हणाली, "मग चांदणीनं काय करावं? ती तर आल्याबरोबर तुमच्या पायाशी येऊन झोपली."

सूनबाईला आता तीन वर्षांची मुलगी आहे आणि दुसरे बाळ उन्हाळ्यात यायचे आहे. माझे गुडघे पहाटेच्या चार किलोमीटरला पूर्वीसारखे साथ देत नाहीत. हातांचा कागद काढला आणि तीन ओळी कोऱ्या राहिल्या.

"यंदा नको," मी स्नेह्यांना म्हणालो. "पण आमच्या गल्लीत एक तरुण आहे. रोज फाटकाशी येऊन चांदणीला बघतो. शेत आहे, घरात माणसं आहेत, आईची परवानगीही आहे. मी स्वतः जाऊन विचारून आलो. पिल्लू आठ आठवड्यांचं झालं, की त्याला घेऊन येतो. शिकवायला मी आहे."

पलीकडे क्षणभर शांतता. मग ते म्हणाले, "आणि पुढच्या वर्षी तुम्ही जत्रेला रिकामेच येणार?"

"रिकामा कशाला? चांदणीला घेऊन येईन. रिंगणात नाही उतरवणार. नुसती खंडोबाच्या दर्शनाला."